बत्तिसावा

दिवाळीनंतर माझा आवाज फुटला.
आधी नुसती चीर, मग सगळंच मडकं.
तारीबाईंनी पेटीवर वरचा सा धरला,
मी तिथवर पोचलो आणि घसरलो,
जेटीच्या शेवाळल्या पायरीवरून घसरावं तसा.
जेरोम हसला.
रुबिना हसली नाही, ते जास्त लागलं.

पण यादी दिल्लीला गेली होती.
बत्तीस मुलं, आचरे, तालुका मालवण.
बत्तीस दाखले, बत्तीस फोटो,
सगळ्यांच्या मागे तोच निळा पडदा.
बाई म्हणाल्या, एकतीस चालत नाहीत,
ओळ वाकडी दिसते.
तू तिसऱ्या रांगेत राहा.
फक्त ओठ हलव.

घरी सांगितलं नाही.
बाबा पडवीत जाळं शिवत होते,
आई गावभर स्वेटर शोधत होती.
आमच्याकडे स्वेटर कुणाचा असायला!
शेवटी बँकेतल्या साहेबांचा मिळाला,
डांबरगोळ्यांसकट,
बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे.

कणकवलीला गाडी दोन मिनिटं थांबली.
तेवढ्यात बत्तीस पोरं, एक पेटी,
तबला-डग्गा, तिरंगी दुपट्ट्यांचं गाठोडं
आणि तोंडवळकरांच्या दीपेशने
कपड्यांत लपवलेली सुकटीची चटणी,
जिच्या वासाने सगळा डबा
मुंबईपर्यंत मालवणी झाला.

डब्यातले दिवे बिघडलेले होते.
टीसी म्हणाला, पनवेलला बघू.
पहिला बोगदा आला,
कुणीतरी गाणं उचललं,
डोंगराने ते दुप्पट करून परत दिलं.
त्या काळोखात
मीही गायलो.
माझा तो नवा, जाड, अनोळखी आवाज
सगळ्यांच्या खालून गेला,
होडीखालून पाणी जातं तसा.
उजेड आला की मी गप्प.
पुन्हा बोगदा, पुन्हा मी.
बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पनवेलला दिवे लागले.

दिल्लीत थंडी आधी दातांत शिरली.
पहाटेच्या तालमीला
एकतीस तोंडांतून वाफ निघाली,
माझ्या तोंडातून नाही.
बाईंनी हात वर केला, गाणं थांबलं.
रांगांतून वाट काढत आल्या,
माझी कॉलर सरळ केल्यासारखं करत म्हणाल्या,
"श्वास तरी सोड रे.
कॅमेऱ्याला कळेल."

सव्वीस तारखेला मी श्वास सोडला.
छातीतला होता नव्हता तेवढा,
प्रत्येक शब्दाच्या मापाचा,
काना, मात्रा, अनुस्वार सांभाळून.
तो रुबिनाच्या वाफेत मिसळला,
मग जेरोमच्या,
मग शेजारी उभ्या आसामच्या मुलींच्या,
आणि वर गेल्यावर
कुणाचा कोणता, ते मलाही सांगता येईना.

रात्री बाबांचा फोन आला.
"दिसलंस रे झिला. दोन सेकंद.
तोंडातसून वाफ येय होती तुज्या."
तेव्हा सांगून टाकलं.
की मी गायलोच नाही.
पलीकडे बराच वेळ नुसती गाज,
नाहीतर टीव्ही असेल.
मग म्हणाले,
"रापणीचो नियम काय आसा?
दोरयेक जेचो हात, तेका वाटो.
जोर किती लावल्यान, ता कोण मोजता?"

फेब्रुवारीत रापण लागली तेव्हा गेलो.
पहाटेचा गारवा होता, साहेबांचा स्वेटर घातला.
हाक आली, सगळ्यांनी ओढली,
आणि माझ्या तोंडून जे निघालं
ते ऐकून पुढच्या बाप्याने वळून पाहिलं,
मागे कोण मोठा माणूस आहे म्हणून.

वाट्याला पाच बांगडे आले.
स्वेटर अजून परत द्यायचा आहे.
आईने दोनदा धुतला,
वास जात नाही.